पुढचं डावं, 24!

भावजींच्या गाडीत बसलं की खिडकीबाहेर बघायची सोय नसते. चारही टायरांची हवा समोरच्या स्क्रीनवर दिसते आणि भावजी ती क्रिकेटच्या स्कोअरसारखी पुकारत राहतात. खंबाटकी चढताना 33 चे 35 झाले. टायर तापले की हवा वाढते, हे आम्हाला घाट संपेपर्यंत ऐकावं लागलं.

सुरूर फाट्यावरून वाईकडे वळलो आणि पिवळा दिवा लागला. पुढचं डावं, 24! भावजींनी गाडी थेट पंपावर घातली. हवा भरणारा पोरगा मीटर लावून म्हणाला, "साहेब, यात 34 आहे."

"तुझं मीटर बिघडलंय. भर अजून आठ."

निघालो. पुढचं डावं आता 22 दाखवत होतं आणि कुणी हातही न लावलेलं मागचं उजवं 42!

"सेन्सर खोटं बोलत नाही," भावजी पुटपुटले.

"मग पोरगा बोलला का?" मागून ताई.

वाईच्या अलीकडच्या पंक्चरवाल्याने स्क्रीनकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "टायर फिरवलेत का एवढ्यात?"

"सर्व्हिसिंगला. पुढचे सरळ मागे, मागचे तिरके पुढे."

झालं! प्रत्येक टायरात एक सेन्सर, प्रत्येकाचा वेगळा नंबर. कुठला नंबर कुठे बसलाय हे गाडीने एकदा नोंदवून ठेवलेलं. टायर सेन्सरसकट हलले, नोंद हलली नाही. पुढचं डावं म्हणून ओरडत होतं ते आता मागे डावीकडे होतं आणि आम्ही फुगवलं ते पूर्वीचं मागचं उजवं. मागच्या क्लीनर साइडला साबणाचं पाणी टाकताच बुडबुडे आले. खिळा!

काही गाड्या थोडं अंतर चालल्या की नवी जागा आपणच शिकतात. भावजींच्या गाडीला ते शिकवावं लागतं आणि शिकवायचं यंत्र सर्व्हिस सेंटरमध्ये. ताईच्या गाडीत टायरात सेन्सरच नाहीत. एबीएस चाकांचे फेरे मोजतं. हवा उतरलेलं चाक किंचित लहान होतं, म्हणून जास्त फिरतं. टायर बदलल्यावर हवा नीट भरून रीसेट केलं की झालं. कुठलं चाक ते ती सांगत नाही, त्यामुळे चुकतही नाही, असं ताईचं म्हणणं.

पंक्चरवाल्याने पट्टी ठोकली, पुढच्या टायरातली जादा हवा सोडली आणि पैसे घेताना सुचवलं, "स्क्रीन बदलता येत नसेल तर स्क्रीनप्रमाणे टायर लावून देऊ का?"

भावजी विचारात पडले. ताईने हात लांबवून हॉर्न वाजवला.