बिनविषाचा दरारा

वेदान्तात अंधारातल्या दोरीला साप समजून घाबरणारा एक माणूस आहे. बिचारा शेकडो वर्षं अज्ञानाचा नमुना म्हणून उभा आहे. दोरीला मात्र कुणी दोष देत नाही, कारण ती बापडी नुसती पडून असते. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या जंगलांत ठरवून साप होणारी एक ‘दोरी’ आहे. हेमेरोप्लेनस ट्रिप्टोलेमस नावाच्या पतंगाचा हा सुरवंट.

एरवी हा गृहस्थ वेलीवर पानं खात पडलेला असतो. विष नाही, नांगी नाही, पळून जाण्याची ऐपत नाही. धक्का लागला की मात्र तो मागच्या पायांनी आधार धरतो, पुढचं अंग हवेत सोडून उलटं वळवतो आणि छातीकडचा भाग फुगवतो. बघता बघता तिथं सापाचं डोकं तयार! दोन बाजूंना दोन काळेभोर डोळे, त्यांत पांढरी चमकसुद्धा. हे डोळे निव्वळ रंगकाम. खरे डोळे ठिपक्यांएवढे. वर हा डंख मारल्यासारखा झेपावतोही. दंश करायला जवळ काही नाही, पण आविर्भावात कसूर नाही.

अशाच एका सर्परूपी सुरवंटाबद्दल हेन्री वॉल्टर बेट्सने १८६२ मध्ये लिहून ठेवलंय. ॲमेझॉनच्या खोऱ्यात ११ वर्षं किडे गोळा करणारा हा माणूसही त्याला पाहून दचकला. मग त्याने तो सुरवंट मुक्कामाच्या गावात नेला आणि गावकऱ्यांनाही घाबरवलं. एकट्यानेच का घाबरायचं?

मग पक्ष्यांनी घाबरू नये तर काय करावं? मॉटमॉट हा तिकडचाच पक्षी. संशोधक सुझन स्मिथ यांनी त्याची पिल्लं माणसाच्या हाती वाढवली; साप या पिल्लांनी जन्मात पाहिला नव्हता. तरी विषारी प्रवाळसर्पासारखे लाल-पिवळे पट्टे रंगवलेली काठी दिसताच ती दूर पळाली. भीती अंड्यातूनच घेऊन आलेली.

कोस्टा रिकातल्या गुआनाकास्टेच्या जंगलात आयुष्य घालवलेले जीवशास्त्रज्ञ डॅनियल जॅन्झेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये या सोंगांचा हिशेब मांडला. तिथल्या शेकडो जातींच्या सुरवंटांवर आणि कोशांवर असे खोटे डोळे आहेत. पानांच्या दाटीत अचानक डोळा दिसला, तर लहानशा पक्ष्याने काय करावं? डोळा खोटा निघाला तर एक घास हुकतो. खरा निघाला तर पक्षीच घास होतो. त्यामुळे सोंग हुबेहूब वठलं नाही तरी चालून जातं. विष सापांनी बाळगायचं, दरारा सुरवंटांनी वापरायचा.

अज्ञान दूर झालं की भीती जाते, हे वेदान्ताचं म्हणणं माणसांपुरतं ठीक आहे. गुआनाकास्टेत फांदीआडून साप डोकावला, तर तुम्ही आधी चार पावलं मागे या आणि मग तत्त्वचर्चा करा. जागेवर उभं राहून खातरजमा करणाऱ्या पक्ष्यांचा वंश तिथं उरलेला नाही.