पाऊस पहिल्या पानावर, कारण गायब

२६ मे २०२५. मोसमी पाऊस मुंबईत ठरल्या तारखेच्या सोळा दिवस आधी आला आणि नुकतंच सुरू झालेलं आचार्य अत्रे चौक मेट्रो स्थानक पाण्यात गेलं. कुलाब्याला त्या मे महिन्यात तोवर ४३९ मिलिमीटर पाऊस झाला होता. १९१८ चा २७९.४ मिलिमीटरचा विक्रम मागे पडला. वर्तमानपत्रांनी काय मोठं केलं? चिखलाचे फोटो आणि पक्षांची जुंपलेली भांडणं. कंत्राटदाराला जाब विचारायलाच हवा. पण मे महिन्यात एवढा पाऊस का कोसळतो, हे विचारायला जागा उरली नाही.

दादरच्या हिंदमाता भागाचंही तेच. पाणी तुंबलं की छायाचित्रकार धावतात, ओसरलं की बातमी संपते. तो भाग बशीसारखा खोलगट आहे, हे परळ-दादरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मुंबईच्या पर्जन्यवाहिन्यांची बहुतेक तोंडं मोठ्या भरतीच्या पातळीखाली येतात, त्यामुळे भरतीला पाणी समुद्रात जात नाही. म्हणून तर परळ आणि दादरच्या मैदानांखाली साठवण टाक्या बांधाव्या लागल्या. आता समुद्राचीच पातळी चढते आहे. रोज कोपऱ्यातल्या चौकटीत भरती-ओहोटीच्या वेळा छापणाऱ्या पेपरांना ही गोष्ट मथळ्याची वाटत नाही, याचा मला संताप येतो.

मार्च २०२२ मध्ये पालिकेने हवामान कृती आराखडा जाहीर केला. २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन, असं त्यात लिहिलं आहे. मंत्री आले होते, फोटो छापून आले. पुढे त्यातलं किती झालं, याचा पाठपुरावा कोण करतं? गुन्हे, मंत्रालय, क्रिकेट यांना स्वतंत्र बातमीदार. हवामान बदल मात्र ज्याचा हात मोकळा असेल त्याच्या गळ्यात. मग ५ जूनच्या पर्यावरण दिनाला झाडाच्या चित्रासह एक पुरवणी निघते आणि वर्षाची जबाबदारी उरकते. लालबाग-परळच्या गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरांच्या पानभर जाहिराती घेताना मात्र पहिलं पान लगेच रिकामं होतं.

संपादकांनो, पावसाळ्यात तलावांचा साठा रोज छापता, लोक तो रोज वाचतात. त्याच्या शेजारी कुलाबा आणि सांताक्रूझचं त्या तारखेचं सरासरी तापमान आणि आजचं तापमान छापा. आराखड्याचा हिशेब दर महिन्याला पहिल्या पानावर मांडा. आणि वाचकहो, पेपर तुमच्या पैशाने येतो. हीच मागणी करणारं दोन ओळींचं पत्र या आठवड्यात तुमच्या पेपरला पाठवा.