पऱ्हाटीचे भाऊबंद

पाहुण्यानं फोनवर नुसतं "उद्या चांदूरला येतो" म्हटलं, तर अमरावती जिल्ह्यातला माणूस आधी विचारतो, "कोनतं चांदूर भाऊ? रेल्वे का बजार?" जिल्ह्यात चांदूर दोन. एकाला रेल्वे मिळाली, दुसऱ्याला बाजार, आणि दोघांनीही ते आडनावासारखं कायमचं लावून घेतलं. पुढे नरखेड-अमरावती मार्ग झाला आणि चांदूर बाजारलाही स्टेशन आलं. चांदूर रेल्वेत बाजार समिती होतीच. म्हणजे आता दोन्ही आडनावं दोघांनाही चालतील. पण बदलायला कोण जातो? त्यातून रेल्वेच्या वेळापत्रकात चांदूर रेल्वेचं नाव नुसतंच 'चांदूर'. ज्याचं आडनाव लावलं, त्यानंच ओळख दाखवू नये, असा हा प्रकार.

रूळ इथे आले ते माणसांच्या सोयीसाठी, असं कुणी समजू नये. माणसं नंतर बसली. आधी कापूस बसला. 1853 साली निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या हाती आलं. 1861 साली अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांना वऱ्हाडची काळी माती आठवली. 1867 साली मुंबईकडचा रूळ बडनेरा, चांदूर, धामणगाव, वर्धा करत नागपूरला पोचला. सरकारनं कापसासाठी म्हणून खास कमिशनर नेमला. रिव्हेट-कार्नॅक हे त्याचं नाव. आणि 1870 साली जलंब ते खामगाव एवढ्याशा फाट्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला! आज गावातल्या रस्त्याच्या खड्ड्यासाठी पंचायत समितीचा सदस्य यायला तयार नसतो.

आपल्याकडे माणसाला गावावरून आडनाव पडतं, तसं इंग्रजांच्या बाजारात कापसाला पडलं. अमरावतीचं तेव्हाचं नाव उमरावती. तिथून जाणारा आखूड धाग्याचा कापूस लिव्हरपूलच्या व्यापाऱ्यांनी 'ऊमरा' करून टाकला. हिंगणघाटचा तो हिंगणघाट, भरूचचा तो ब्रोच, धोलेऱ्याचा तो ढोलेरा. मंडळी एकजात '-कर' झाली, फक्त 'कर' लावायचं राहिलं (आणि तो वसूल करणारे वेगळे होते). सुरतेच्या कापसाची गत सगळ्यात वाईट. त्यात कचरा आणि तुटका धागा इतका निघे की 'सुरत' हा शब्दच लँकेशायरमध्ये शिवीसारखा वापरला जाऊ लागला. आपल्या बिअरला कुणी 'सुरत' म्हटलं, म्हणून तिथला एक बिअरवाला कोर्टात गेल्याची हकिकत कापूसटंचाईच्या त्या काळातली आहे. ऊमराला एवढी बदनामी सोसावी लागली नाही. पुढे जाडंभरडं सूत काढायला जपान्यांनी तो आवडीनं घेतला.

आता झाडाकडे. वऱ्हाडात झाडाला पऱ्हाटी म्हणतात. कपाशी हे पुस्तकातलं आणि बियाण्याच्या पाकिटावरचं नाव. वनस्पतिशास्त्र तिला भेंडी, अंबाडी आणि जास्वंदीच्या कुळात बसवतं. म्हणजे शास्त्राच्या हिशेबानं कापसे, भेंडे आणि अंबाडे हे एकमेकांचे भाऊबंद ठरतात. यांची सोयरीक जमवण्यापूर्वी गोत्र पाहणाऱ्यांनी विचार करावा. फूल सकाळी पांढुरकं पिवळसर उमलतं आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी पडतं. त्यानंतर बोंड धरतं, पिकतं, फुटतं आणि चार-पाच पाकळ्यांत कापूस बाहेर येतो. त्या वाळलेल्या पाकळ्यांची टोकं सुईसारखी. दिवसभर वेचणाऱ्या बाईच्या नखांच्या कडा सोलून निघतात, पण कमरेच्या ओटीत पडणाऱ्या कापसावर वाळल्या पानाचा चुरा दिसला तर तो 'काडीकचरा' ठरतो आणि भाव पडतो. नखांचा भाव कुठल्याच प्रतवारीत नाही.

वेचणीला हात लावण्याआधी शेतात सीतादही करायची पद्धत आहे. पूजा मांडायची, दहीभात शिंपडायचा आणि मग पहिलं बोंड तोडायचं. कापसाचा पहिला शोधही आपल्याच भागातल्या गृत्समद ऋषींनी लावला असं विदर्भात मानतात. ते यवतमाळ जिल्ह्यातल्या कळंबचे. पुरावा मागणाऱ्याला कळंबचा चिंतामणी दाखवतात आणि विषय संपतो.

रुईचा एकेक तंतू म्हणजे सरकीच्या सालीवरची एकच पेशी, जी वाढत वाढत इंचभर लांब होते. एका सरकीवर असे हजारो. तरी क्विंटलभर कापूस जिनमध्ये घातला की रुई निघते ती 34-35 किलो. बाकी बहुतेक सरकीच. नाव कापसाचं आणि वजन सरकीचं! तिचं तेल माणसं खातात, ढेप म्हशी खातात आणि बातम्या मात्र सगळ्या रुईच्या भावाच्या.

आडनावांची तऱ्हा याहून न्यारी. साहेबांमध्ये कॉटन हे आडनाव चांगलं मातब्बर, पण त्याचा कापसाशी संबंध नाही. जुन्या इंग्रजीतल्या झोपडीवरून ते आलंय. आपल्या त्र्यंबकेश्वराहून निघालेल्या गोदावरीवर धवलेश्वरमला 1852 साली बंधारा पुरा करणारे सर आर्थर कॉटन. पिकलं काय, तर भात. गुवाहाटीतलं पूर्वीचं कॉटन कॉलेज सर हेन्री कॉटन यांच्या नावाचं, आणि तो मुलूख चहाचा. हेच हेन्री कॉटन 1904 साली मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष झाले. खरं तर त्यांनी 1897 साली यायला हवं होतं. तेव्हा अधिवेशन अमरावतीत होतं. पण कापसाच्या गावाला अध्यक्ष मिळाले शंकरन नायर.

घरच्यांचं तरी कुठे जुळतं? ठाण्याचे खासदार राहिलेले प्रा. राम कापसे 2004 साली अंदमान-निकोबारचे नायब राज्यपाल झाले. तिथे नारळ! कोल्हापूर जिल्ह्यातली सेनापती कापशी प्रसिद्ध आहे चपलांसाठी. नागपूरच्या कॉटन मार्केटात वांगी-टोमॅटो मिळतात. जिन चालवणारा तो जिनवाला. पण फ्रीन जिनवाला या बाईंनी 1994 ते 2004 अशी दहा वर्षं दक्षिण आफ्रिकेच्या संसदेचं अध्यक्षपद सांभाळलं. सरकी आणि रुई वेगळी करण्यापेक्षा ते काम सोपं नसणार.

एकच आडनाव चपखल बसलं. 2019 च्या जूनमध्ये राज्याचे कृषिमंत्री झाले ते अमरावती जिल्ह्यातले डॉ. अनिल बोंडे. 2002 साली बीटी कपाशीला परवानगी मिळाली तेव्हा बोंडअळीचा निकाल लागला असं सगळ्यांनी धरलं होतं. गुलाबी अळीनं ते मनावर घेतलं नाही आणि 2017 साली विदर्भातल्या शेतांचा फडशा पाडला. त्यानंतर दोन वर्षांतच खातं बोंडे यांच्याकडे आलं. अळीनं हे आडनाव वाचलं असतं तर तिला जेवणाचं आमंत्रणच वाटलं असतं. वऱ्हाडी माणसानं तेव्हा हा विनोद केला नसेल, हे संभवत नाही.

कापसाचा नियंत्रित बाजार देशात पहिल्यांदा भरला तो 1886 साली, कारंज्यात. तेव्हा शेतकऱ्याची ओळख पटायला बैलगाडी पुरे. कोणाची जोडी आहे हे दुरूनच कळे. 2025-26 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे 8,110 रुपये हमीभाव ठरला, आणि आता सीसीआयला (भारतीय कापूस महामंडळाला) माल द्यायचा तर मोबाईलवर 'कपास किसान' ॲपमध्ये आधी नोंदणी करावी लागते. तिथे आधार लागतं, जमिनीचा कागद लागतो. ओलावा आठ टक्क्यांच्या वर गेला तर पैसे कापतात आणि बाराच्या वर गेला तर माल घेत नाहीत, हे शेतकऱ्याला पाठ आहे. आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग मात्र कुणाच्या लक्षात नसतं. सातबाऱ्यावर कापसे, आधारवर 'के-ए-पी-एस-ई' आणि बँकेच्या पासबुकात मधेच एक जास्तीचा 'ए' घुसलेला, हे वऱ्हाडात घरोघरी सापडेल. तेव्हा कापसे असा, बोंडे असा, भेंडे असा. दिवाळीआधी, पहिला वेचा घरात यायच्या आत, तिन्ही कागद शेजारी ठेवून आपलं आडनाव एकदा अक्षर अक्षर जुळवून घ्या.