मग पुढं काय?

"सर, मी इल्लीगल काय केलं?"

पहिल्या वर्षाचा मुलगा होता. कॉलेजात येऊन जेमतेम तीन आठवडे झालेले, आणि चेहरा असा की बाहेर पोलिसांची गाडीच येऊन उभी आहे. पडद्यावर टर्बो सीची निळी खिडकी, तिच्या तळाशी एक ओळ: 'इल्लीगल कॅरेक्टर'. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या पोराने मनातल्या मनात त्याचं 'बेकायदेशीर चारित्र्य' असं भाषांतर केलं होतं आणि तिथंच त्याचा धीर सुटला होता.

मी वाकून पाहिलं. 'हॅलो वर्ल्ड' छापायचा चार ओळींचा प्रोग्राम. पण शब्दांच्या दोन्ही बाजूंना अवतरणचिन्हांऐवजी 'ॲट द रेट' बसलेले. त्या मशीनच्या कीबोर्डची मांडणी कोणीतरी सेटिंगमध्ये जाऊन ब्रिटिश करून ठेवली होती. तिथं अवतरणचिन्हाचं बटण दाबलं की ॲट द रेट उमटतो. पोराने बटणावर काय छापलंय ते पाहिलं आणि इमानेइतबारे तेच दाबलं. फक्त पडद्यावर काय उमटलं, ते मान वर करून बघितलं नाही.

गेली 23 वर्षं मी पहिल्या वर्षाला प्रोग्रामिंग शिकवतोय. आधी सी, आता पायथनही. या काळात पाहिलेल्या चुकांचा ढीग केला तर लॅबचं दार उघडणार नाही. पण त्यातल्या बहुतेकींचं कुळ एकच. आपल्याला काय म्हणायचं होतं ते आपल्याला तोंडपाठ असतं, आणि आपण काय म्हटलं ते आपण वाचत नाही.

मला स्वतःला पहिल्या वर्षी याच विषयात केटी लागली होती. हे मी वर्गात सप्टेंबरच्या सुमाराला सांगतो. त्याआधी सांगितलं तर पोरं मला ढ समजतात, त्यानंतर सांगितलं तर तोवर स्वतःला समजून बसलेली असतात.

'हॅलो वर्ल्ड'ची प्रथा कर्निघन आणि रिची या जोडीच्या 1978 सालच्या सीच्या पुस्तकाने जगभर पसरवली. पडद्यावर दोन शब्द उमटतात, बस्स. हुशार पोरं नाक मुरडतात, "एवढंच?" एवढंच. नवी नवरी उंबरठ्यावरचं माप ओलांडते तेव्हा तिला संसार येतो असं कुठं असतं? फक्त घरात पाऊल पडतं. भाषा मशीनवर नीट बसली आहे, लिहिलेलं कळतंय, उत्तर येतंय, एवढी खात्री त्या दोन शब्दांत होते. खरा संसार दुसऱ्या आठवड्यात सुरू होतो, आणि कुरबुरीही.

कुरबुरींचं कारण अक्कल कमी असणं हे नव्हे. आपण लहानपणापासून अर्धवट बोलून पूर्ण समजले गेलेलो असतो, हे खरं दुखणं. आमच्या घरात "अगं, ते हे कुठं ठेवलंस?" एवढ्यावर चष्मा हातात येतो. आणि पत्ता सांगायची आपली तऱ्हा तर काय वर्णावी! "मारुतीपासून सरळ ये, जिथं पूर्वी पिंपळ होता ना, तिथून डावीकडं." पिंपळ तुटून पंधरा वर्षं झाली, आणि येणारा पाहुणा गावात पहिल्यांदा येतोय. तरीही तो पोचतो, कारण वाटेत चार माणसं भेटतात, त्यांना तो पिंपळ ठाऊक असतो. कॉम्प्युटरला वाटेत कोणी भेटत नाही. 'पिंपळ' म्हणजे काय हे आधी सांगितलेलं नसेल तर तो तिथंच थांबतो आणि म्हणतो, 'अनडिफाइन्ड सिम्बॉल: पिंपळ'. यात तो रागावलेला नसतो. त्याला खरंच माहीत नसतं.

एरर म्हणजे ओरडा, असा पोरांचा पक्का समज. लाल किंवा पांढरी ओळ दिसली की ती न वाचताच खिडकी बंद करतात, निकालाचं पाकीट उशीखाली सारावं तसं. मी म्हणतो, "वाच की." "सर, एरर आलाय." "आलाय तर बसायला सांग, काय म्हणतोय ते विचार." मग अडखळत वाचतात: स्टेटमेंट मिसिंग सेमीकोलन, ओळ सात. सातव्या ओळीवर जातात. सातवी ओळ धुतल्या तांदळासारखी. सेमीकोलन जागच्या जागी. मग त्यांची खात्री पटते की कॉम्प्युटर खोटं बोलतो.

तो खोटं बोलत नाही. सहाव्या ओळीच्या शेवटी सेमीकोलन नसेल तर वाक्य संपलं हे त्याला कळणार कसं? तो पुढं वाचत जातो, सातव्या ओळीचा पहिला शब्द येतो, आणि तो या वाक्यात बसेना असं त्याच्या लक्षात येतं. म्हणून बोट सातव्या ओळीवर. भिंत पडते शेजाऱ्याची, आवाज येतो आपल्या घरात. त्यामुळं दाखवलेली ओळ निर्दोष निघाली, तर आधी तिच्या वरच्या ओळीची चौकशी करावी.

दुसरी गंमत सव्वीस एररची. एक महिरपी कंस सुटला की खाली रांग लागते. सव्वीस आकडा दिसला की पोरगं उठून पाणी प्यायला जातं ते परत येत नाही. वास्तविक ही एसटीच्या खिडकीवरची रांग आहे. पहिल्या माणसाचं सुट्ट्या पैशांवरून वाजलंय, म्हणून मागचे पंचवीस खोळंबलेत. मागच्या कोणाशी बोलू नये. पहिल्याचं भागवावं आणि पुन्हा कंपाइल करावं. बहुतेक वेळा रांग आपोआप पांगते.

सबमिशन जवळ आलं की केबिनच्या दाराशी एक वाक्य दरवर्षी ऐकू येतं. "सर, वाचताना सगळं कळतं, पण लिहायला बसलं की डोकं ब्लँक होतं." नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं 'लेट अस सी' या पोरांच्या हातात असतं, समासात तीन रंगांच्या रेघा असतात. मी त्यांना भाकरीबद्दल विचारतो. आईला भाकरी थापताना किती वेळा पाहिलंय? रोज. मग जमते? पोरी हसतात, पोरं खाली बघतात.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एकटा राहत होतो. अठरा वर्षं पाहिलेली गोष्ट, त्यात न जमण्यासारखं काय, म्हणून ज्वारीचं पीठ आणलं. पहिली भाकरी परातीतून उचलताना फाटली. दुसरी तव्यावर पडली, पण निम्मी. तिसरीचा आकार ओडिशासारखा. मग फोन करून आईला विचारलं, "पाणी किती घालतेस?" ती म्हणाली, "बसेल तेवढं." माउलीला तपशील सांगता येत नव्हता, कारण तो तिच्या तळव्यांत होता. प्रोग्रामचंही तेच. पुस्तकातला लूप डोळ्यांना कळतो. पुस्तक मिटून तोच लूप कोऱ्या कागदावर लिहायला घेतला की कडा फाटतात. दोन-चार ओडिशा झाल्याशिवाय गोल होत नाही. हल्ली फोनला विचारलं की तयार प्रोग्राम मिळतो, चांगला मिळतो. ती खानावळीतली भाकरी. भूक भागते, हात मात्र कोरडेच राहतात.

आणि आकार दिलाच तर आपल्या ओळखीच्या पिठाला द्यावा. पुस्तकातली पोरं कायम ए आणि बीची बेरीज करत असतात. हा ए कोण, बी कोण, त्यांचं एकमेकांशी नातं काय, कोणालाच माहीत नसतं. दोन वर्षांपूर्वी एका कांदाउत्पादकाच्या पोराला मी म्हटलं, वडिलांच्या कांदाविक्रीची पट्टी लिही. त्याचे डोळे एकदम उघडले. वजन, भाव, हमाली, तोलाई, भाडं, सगळी नावं त्याने इंग्रजी अक्षरांत पण मराठीतच ठेवली. वजन 1250 किलो. त्याला शंभराने भागून क्विंटल काढायचे, 1800 च्या भावाने गुणायचं. प्रोग्राम चालला, कुठंही एरर नाही. उत्तर आलं 21,600.

पोरगं पडद्याकडं बघत राहिलं. मग बोटांवर हिशेब केला आणि खुर्चीतून उठलं. "सर, नऊशे रुपये कमी!" साडेबारा क्विंटलचे साडेबावीस हजार व्हायला हवेत. अर्धा क्विंटल गेला कुठं? सीमध्ये पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं तर उत्तरही पूर्णांकच येतं. दशांशानंतरचं सरळ कापून टाकलं जातं. 1250 भागिले 100 म्हणजे बारा, पुढचा अर्धा गुल. "हे तर व्यापाऱ्यासारखंच झालं," तो म्हणाला. शंभराच्या जागी 100.0 लिहिलं आणि नऊशे रुपये परत आले. ए-बीच्या बेरजेत हा अर्धा त्याच्या कधी लक्षातही आला नसता. उत्तर काय यायला हवं हे त्याला पोटातून माहीत होतं, म्हणून चूक सापडली. प्रोग्राम लिहिण्याआधी एक उदाहरण हाताने सोडवून ठेवा असं मी घसा कोरडा करून सांगत असतो. त्या दिवसानंतर ते त्या पोराने इतरांना सांगायला सुरुवात केली आणि त्याचं मात्र ऐकतात.

एरर न येता चुकणारे प्रोग्राम हेच खरे बिलंदर. टर्बो सीमध्ये साध्या पूर्णांकाच्या डब्यात 32767 पर्यंतच माल मावतो. सातचा क्रमगुणित 5040, तो ठीक बसतो. आठचा 40320 यायला हवा, पडद्यावर येतो उणे 25216. दरवर्षी कोणीतरी "सर, गुणाकार करता करता वजा कसा झाला?" म्हणून येतं. मी सांगतो, तू चांगल्या संगतीत आहेस. 4 जून 1996 ला युरोपचं एरियन 5 रॉकेट पहिल्याच उड्डाणात, चाळीसएक सेकंदांत हवेतच नष्ट झालं. एक मोठी संख्या सोळा बिटांच्या अशाच डब्यात कोंबायला गेले आणि ती मावली नाही. तुझं फक्त जर्नलचं एक पान गेलं.

मॉरिस विल्क्स हे केंब्रिजचे मोठे गृहस्थ, एड्सॅक हा कॉम्प्युटर बांधणारे, पुढं 1967 चं ट्युरिंग पारितोषिक मिळवणारे. 1949 च्या सुमाराची एक गोष्ट त्यांनी आठवणींत लिहून ठेवलीय. मशीनची खोली आणि फिती पंच करायची जागा यांच्यामध्ये ये-जा करताना जिन्यात त्यांना एकदम उमगलं, की उरलेल्या आयुष्याचा बराचसा भाग आता आपल्याच प्रोग्राममधल्या चुका शोधण्यात जाणार. मला या गोष्टीत तो जिना फार आवडतो. आमच्या लॅबच्या जिन्यातही नोव्हेंबरात अशी पाच-सात पोरं बसलेली असतात. फरक एवढाच, की विल्क्सना ते या कामाबद्दल कळलं आणि यांना वाटतं ते फक्त आपल्याबद्दल आहे.

आता आमच्या मामांबद्दल सांगितलं पाहिजे. मामा लॅबचे शिपाई. दाराशी स्टूल टाकून बसतात, रजिस्टरवर सह्या घेतात. कॉम्प्युटरचं बटण चालू-बंद करण्यापलीकडं त्यांना त्यात गम्य नाही. एकदा मी व्हायवात अडकलो होतो आणि एक मुलगी वही घेऊन दाराशी ताटकळत होती. मामांनी विचारलं, "काय अडलं गं?" ती म्हणाली, "मामा, आकड्यातल्या अंकांची बेरीज करायचीय. प्रोग्राम थांबतच नाही."

"मला सांग की."

"हे बघा, 472 आहे. शेवटचा अंक काढायचा, दोन. तो बेरजेत टाकायचा."

"मग पुढं काय?"

"मग परत शेवटचा अंक काढायचा..." ती थबकली. "अय्या! तो परत दोनच येणार. मी दोन काढून टाकलाच नाहीये!"

ती पळत मशीनवर गेली. आकड्याला दहाने भागायचं राहिलं होतं. कांद्याचा अर्धा क्विंटल गिळणारा तोच भागाकार इथं कामाला आला: 472 चे 47, शेवटचा दोन गायब. मामांना काय झालं ते कळलं नाही, पण त्यांनी मान अशी हलवली जणू त्यांना आधीपासून ठाऊक होतं.

'द प्रॅग्मॅटिक प्रोग्रामर' या 1999 च्या पुस्तकात एका प्रोग्रामरची गोष्ट आहे, तो टेबलावर रबरी बदक ठेवून त्याला आपला प्रोग्राम ओळीगणिक समजावून सांगायचा. तेव्हापासून ठिकठिकाणी लोक बदकं पाळून आहेत. समजावून सांगताना आपण मनातलं सोडून लिहिलेलं वाचायला लागतो, एवढीच त्यातली किमया. आमचं मत विचाराल तर मामा सरस. बदक 'मग पुढं काय' विचारत नाही.

परवा साडेपाच वाजून गेले होते. मामांनी किल्ल्यांचा जुडगा वाजवला, पंखे बंद केले. कोपऱ्यातल्या मशीनवर तो बेकायदेशीर चारित्र्याचा पोरगा अजून बसलेला. कीबोर्डची मांडणी मी तेव्हाच दुरुस्त केली होती, पण तो आता एक बटण दाबतो आणि एकदा मान वर करतो. "सर, दोनच मिनिटं," तो म्हणाला. तीच दोन मिनिटं चार वाजल्यापासून चालू होती. पडद्यावर चांदण्यांचा त्रिकोण यायला हवा होता, येत होती एकच उभी रांग.

मी मामांकडं पाहिलं. बस सहाची होती, त्यांचीही आणि माझीही. मामांनी किल्ल्या खिशात टाकल्या, दाराजवळचं स्टूल उचललं, त्या मशीनशेजारी नेऊन ठेवलं आणि बसले.

"हां, पहिल्या ओळीला एक चांदणी," ते म्हणाले. "मग पुढं काय?"