संस्थानी खुर्ची

अक्कलकोटला वटवृक्ष मंदिरात दर्शन झालं, अन्नछत्रात महाप्रसाद झाला, की भाविकाला चहा आठवतो. चहा आठवला की तो कोपऱ्यावरच्या जुन्या हॉटेलात शिरतो, आणि शिरला की अप्पांच्या तावडीत सापडतो.

अप्पा हॉटेलचे मालक नाहीत, नोकरही नाहीत. गिऱ्हाईक म्हणावं तर दिवसाकाठी अर्ध्या चहापुढे त्यांची मजल जात नाही. हॉटेलच्या आतला इतिहास एवढंच त्यांचं खातं. मालकाशी ते कानडीत बोलतात, गिऱ्हाइकाशी मराठीत आणि पुणेकराशी छापील मराठीत. असे अप्पा पंढरपुरात असतील, मिरजेत असतील. पण आमच्या अप्पांच्या पाठीशी संस्थान आहे.

हॉटेलात बघण्यासारखं आहे, हे मान्य. संगमरवरी पाटाची टेबलं आहेत, गल्ल्यामागे खारी-बटरच्या काचेच्या बरण्या आहेत, स्वामींच्या तसबिरीखाली उदबत्ती आहे आणि भिंतीला पुरुषभर उंचीचा, पारा उडालेला आरसा आहे. अप्पांच्या मते आरसा राजवाड्यातला. मला विचाराल तर जुन्या हॉटेलवाल्यांनी आरसे लावले ते गल्ल्यावरून हलायला नको म्हणून. तीन खाऱ्या खाऊन दोन सांगणारा त्यात पाठमोरासुद्धा दिसतो.

पण आरशाखालची खुर्ची हे खरं प्रकरण. वळवलेल्या लाकडाची, गोल बैठकीची, पंख्याच्या बरोबर खाली. ती रिकामी असली की नुसती खुर्ची असते. तिच्यावर कुणी बसलं की ती ऐतिहासिक होते. एकटा माणूस अंग चोरून बसला, तर 1948 साली संस्थान विलीन झालं तेव्हा वाड्यातून आलेली. नाशिकचं कुटुंब पोराला मांडीवर घेऊन ऐसपैस बसलं, की खुर्ची थेट शाहू महाराजांच्या मानसपुत्रापर्यंत, फत्तेसिंह भोसल्यांपर्यंत जाते. "बसा की ओ, तुमचीच आहे," अप्पा म्हणतात, "फक्त ह्याच्यावर कोण बसलं होतं तेवढं ऐका." ऐकता ऐकता माणूस संकोचून उठतो, चार पावलं मागं सरतो, मोबाईल काढून फोटो घेतो. फोटोत अप्पा येतात. बसलेले.

एक मात्र कबूल केलं पाहिजे. स्वामींचं नाव त्यांनी खुर्चीला कधी चिकटवलं नाही. एका भाविकाने भाबडेपणाने विचारलं, तर कानाला हात लावून म्हणाले, "स्वामी 1856 साली आले, 1878 ला समाधिस्थ झाले. खुर्ची नंतरची. खोटं बोलू नये माणसानं." फत्तेसिंह तर अठराव्या शतकातले, हा हिशेब त्या दिवशी कुणीच काढला नाही.

मी एकदा काढला. म्हटलं, अप्पा, हा व्हिएन्नाच्या थोनेटचा नमुना. 1859 सालचा, चौदा नंबरचा. बीचचं लाकूड वाफेवर मऊ करून वाकवायचे. सहा तुकडे, दहा स्क्रू, दोन नट; 36 खुर्च्या सुट्या करून एक घनमीटरच्या खोक्यात बसायच्या, म्हणून जगभरच्या कॉफीखान्यांत गेल्या. मुंबईच्या इराण्यांकडे दिसतात त्या ह्याच घराण्यातल्या. अप्पांनी शांतपणे ऐकलं. "म्हणजे विलायतेहून आली. मी दुसरं काय सांगतोय?"

गेल्या गुरुवारी मात्र लंडनला राहणारे एक गृहस्थ भेटले. सांगू लागले, तिकडे गल्लीच्या कोपऱ्यावरच्या जुन्या दारूच्या पबांचं आतलं लाकूडकाम, काचा, काउंटरसुद्धा कायद्याने जपतात. मालकाला खिळा बदलायचा तर परवानगी लागते. "जपतात म्हणजे बसू देतात की नाही?" अप्पांनी मुद्द्याचं विचारलं. देतात म्हटल्यावर त्यांना त्या कायद्यात फारसा अर्थ दिसला नाही.

गृहस्थ चिकित्सक निघाले. म्हणाले, जुन्या खुर्चीच्या बुडाला कारखान्याचा शिक्का असतो, बघू या. ते, त्यांच्या सौ. आणि मी, तिघंही उठलो. खुर्ची उलटी केली. बुडाला पांढऱ्या रंगात ठसठशीत आकडा होता : 42. खाली मंडप-बिछायतवाल्याचं नाव, अर्धं पुसलेलं. कुठल्याशा लग्नात भाड्याने आणलेली खुर्ची परत करायची राहून गेली होती. गल्ल्यावर मालक एकाएकी नाणी मोजू लागले.

अप्पांनी चष्मा लावला, आकडा वाचला, चष्मा काढला.

"म्हणजे बघा. राजवाड्याच्या कार्याला मंडप कुणाचा होता, ते आज कळालं."

खुर्ची त्यांनीच सुलटी केली आणि तिच्यावर बसले. आमचा चहा उभ्यानेच झाला. पैसे मी दिले, अप्पांच्या अर्ध्यासकट.