आधी पाठ, मग पोट
काकांचा हर्निया सुपारीएवढा, फाइल मात्र दिवाळी अंकाएवढी. टूडी एको, सोनोग्राफी, सीटी स्कॅन, वर हृदयरोगतज्ज्ञांचं 'फिटनेस'.

"एवढं कशाला, डॉक्टर?"

"असू द्या. उद्या कोणी विचारलं तर?"

विचारणार कोण, तर वकील. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन उपचार करणाऱ्या डॉक्टरांना ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आणलं. तेव्हापासून (आपणही भांडायला कमी केलं नाही म्हणा) सर्जनचं एक बोट नाडीवर, दुसरं कलमावर. काकूंनी संमतीपत्रावर सात सह्या ठोकल्या. एक ओळ कोणी समजावली नाही. २००८च्या समीरा कोहली निकालात न्यायालयाने मागितलं होतं ते नेमकं समजावणंच.

ऑपरेशन पाऊण तासात आटोपलं. बिलात तपासण्यांचा आकडा ऑपरेशनपेक्षा मोठा होता.