शिवण काढलेलं बनियन

नानांनी बनियन टाकून दिलंय, असं गंगाखेडात आजवर कुणी पाहिलेलं नाही. त्यांच्या अंगावरून बनियन उतरतं ते फक्त बढतीवर. काखेत भोक पडलं की ते चष्म्याचं होतं. चष्म्यावरून खिडक्यांच्या काचा, काचांवरून पंख्याची पाती, पंख्यावरून सायकलची चेन, आणि अगदीच चिंधी झाली की पपईच्या रोपाला काठी बांधायला. नोकरीत खुद्द नानांना एवढ्या बढत्या मिळाल्या नाहीत.

आमच्या दोघांच्या अंगणांमध्ये कमरेएवढी भिंत आहे, म्हणून हे सगळं मला बघावं लागतं. आणि बघितलं की ऐकावंही लागतं. ‘कशाला माणूस लावायचा?’ हे त्यांचं वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय, की आमची मुलगी बोलायला लागली तेव्हा मला धास्ती होती. नानांनी टाकीचा कॉक घरच्या घरी बसवला, तेव्हापासून त्यांची टाकी भरली की पाणी आमच्या अंगणात पडतं. आमचा कढीपत्ता त्यावर तरारून आलाय, त्यामुळे तक्रारही करता येत नाही. एकदा धीर करून म्हटलं, नाना, प्लंबर बोलवा की. त्यांनी पान्यानं घाटाच्या दिशेला खूण केली. ‘जनाबाईच्या गावचा ना तू? तिला दळू लागायला विठ्ठल स्वतः आला. त्यानं माणूस लावला होता का?’

याला उत्तर काय द्यायचं?

तर गाडी. नानांच्या मुलानं पुण्यात नवी घेतली आणि जुनी चंदेरी वॅगन-आर, एमएच-२२ ची, वडिलांच्या दारात आणून लावली. नाना ती चालवतात कमी आणि पुसतात जास्त. गेल्या हंगामात परभणी रस्त्यावर उसाची ट्रॉली घासून गेली आणि बाहेर आलेल्या एका उसानं उजव्या दारावर वीतभर रेघ ओढली. नख फिरवलं तर अडकतही नव्हतं. जाणकार सांगतात, नख अडकलं नाही तर ओरखडा वरच्यावर आहे, नुसत्या पॉलिशनं जाईल. तो गेलाही असता. पण दिवाळी पंधरा दिवसांवर होती, मुलगा-सून-नातू येणार होते, आणि काकू येणार होत्या. दीड वर्षापूर्वी नातू झाला तेव्हा काकू दोन महिन्यांसाठी म्हणून पुण्याला गेल्या होत्या.

पहिल्या दिवशी नानांनी टूथपेस्ट लावली आणि काचेच्या दर्जाच्या बनियनानं घासली. रेघ थोडी पुसट झाली आणि गाडीला लवंगेचा वास आला. इथं कुणीही थांबलं असतं. नाना दुसऱ्या दिवशी हार्डवेअरच्या दुकानातून पाणी-पेपर घेऊन आले. दुकानदारानं ४०० आणि २००० असे दोन नंबर पुढे टाकले होते. नानांनी ४०० चा उचलला.

‘सुरुवात कमी पॉवरनं करावी,’ ते मला भिंतीवरून म्हणाले. ‘गोळी घेतानाही आपण आधी अडीचशेचीच घेतो की.’

पाणी-पेपरचा हिशोब बरोबर उलटा असतो. आकडा वाढेल तसा दाणा बारीक. २००० चा रंगाला नुसता गोंजारतो. ४०० चा लांबी घासून सपाट करायला वापरतात. मला तरी हे तेव्हा कुठं ठाऊक होतं? मी ‘हो, ते बरोबर’ म्हणालो. या पापात माझाही वाटा आहे, तो इथं कबूल करून टाकतो.

नाना पाणी मारत गोल गोल घासत होते. आधी पांढरं दूध निघालं, मग बनियन चंदेरी व्हायला लागलं. नाना हरखले. ‘बघ, बघ, किती मळ निघायलाय! इतकी वर्षं कुणी धुतलीच नाही नीट.’ तासाभरानं मळ संपला आणि दारावर जेवायच्या ताटाएवढा राखाडी चंद्र उगवला.

पेंटर आला तो मीच बोलावला म्हणून. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या गाड्या रंगवणाऱ्या घरातला म्हातारा, सगळे त्याला चाचा म्हणतात. तो दारापुढे उकिडवा बसला, चंद्रावरून बोट फिरवलं आणि नानांकडे न बघता म्हणाला, ‘नाना, इत्ता तो बर्तन बी नै घिसते.’

मग त्यानं समजावलं. गाडीच्या पत्र्यावरचा सगळा रंग, म्हणजे खालचा गंज न चढू देणारा थर, प्रायमर, चंदेरी आणि वरचा बिनरंगी चकाकीचा थर, सगळे मिळून वहीच्या एका पानाएवढे जाड. साधारण शंभर-सव्वाशे मायक्रॉन. त्यातला चकाकीचा थर चाळीस-पन्नासच, डोक्याच्या केसाहून पातळ. पांढरं दूध निघालं तो हा थर होता आणि चंदेरी निघाला तो खुद्द गाडीचा रंग. आता प्रायमर दिसतोय, इथं पॉलिशचं काम संपलं. पूर्ण दार फवारावं लागेल. चंदेरीत धातूची चुरी असते, फवारा ज्या हातानं बसतो त्या हाताची छटा येते, म्हणून मागच्या दारावरही थोडा ओढून मिसळावा लागेल, नाहीतर उन्हात दोन दारं दोन गाड्यांची दिसतील. साडेतीन हजार.

साडेतीन हजार ऐकून नाना खाली बसले नाहीत, याचं मला नवल वाटलं. कारण त्यांचं लक्ष चाचाच्या पुढच्या वाक्याकडे होतं. चाचानं गाडी उन्हाकडे तोंड करून लावायला सांगितली होती आणि बॉनेटवर, टपावर, उरलेल्या तिन्ही दारांवर बारीक गोल रेघांचं कोळ्याचं जाळं चमकत होतं. तिथं तर पाणी-पेपर लागलाच नव्हता. ‘ये पेपर का नै,’ चाचा म्हणाला, ‘ये कपड़े का है.’

नानांच्या बनियनावर आजवर कुणी असा आळ घेतला नव्हता.

रात्री काकूंचा फोन आला. नानांचा फोन कायम स्पीकरवर असतो, त्यामुळे तो आम्हालाही आला. नानांनी उसाची ट्रॉली सांगितली, हार्डवेअरवाला सांगितला, चाचा किती लुटतो ते सांगितलं. काकू ऐकत होत्या. मग म्हणाल्या, ‘अहो, पुसली कुठल्या बनियनानं?’

‘ते आपलं… काचेचं.’

‘शिवण काढली होती का?’

भिंतीच्या पलीकडे बराच वेळ आवाज आला नाही. मागून नातू रडत होता तेवढंच.

इतकी वर्षं मला वाटायचं, की बनियनांची ही सगळी बढती-व्यवस्था नानांची. ती नव्हती. दर बढतीच्या वेळी काकू ब्लेड घेऊन ओट्यावर बसायच्या, गळ्याची पट्टी, काखेची शिवण, खालची दुमड, कंपनीची चिठ्ठी काढायच्या आणि राहिलेल्या कापडाचे चौकोन करायच्या. दुमडीत नदीकाठची वाळू आणि काळ्या मातीची कच अडकून बसते, धुतली तरी निघत नाही. नानांना वाटायचं, बनियन जुनं झालं की आपोआप मऊ होतं.

दिवाळीला कुणी आलं नाही. नातवाला ताप होता. चाचानं बाकीची गाडी कंपाउंड आणि फोमच्या चकतीनं जाळं काढून दिली. काठांवर रंग सगळ्यात पातळ असतो म्हणून तिथं आधी टेप लावली, आणि हे नानांनी दोनदा विचारून घेतलं. दार मात्र तसंच आहे. नाना म्हणतात, पैशाचं नाही, चंदेरी रंगाला कोरडी हवा पाहिजे. थंडी पडून गेली, ऊनही आलं.

मग पुण्याच्या रात्रीच्या बसनं एक पार्सल आलं. चिवडा, लाडू आणि खाली रबर लावलेला चौकोनांचा गठ्ठा. एकालाही शिवण नाही. काही मुलाच्या बनियनांचे असावेत, आणि वरचे पाच-सहा फारच मऊ, त्यांवर फिकट पिवळे हत्ती. नातवाची लहान झालेली झबली.

नानांनी भिंतीवर गठ्ठा मांडून दर्जे लावले. चष्म्याचे वेगळे, काचांचे वेगळे. हत्तीवाल्यांचा दर्जा त्यांना ठरवता येईना. दोनदा उचलून गाडीकडे बघितलं आणि परत ठेवले. शेवटी चार कपाटात गेले आणि एक त्यांनी माझ्यापुढे धरला.

‘तुझ्या स्कूटरच्या आरशाला घे. धुऊन परत आण.’

तो डिकीत आहे. आरसा मी रुमालानं पुसतो.